होना-नक्कोचा कागद

वाईला परत आल्यावर जो भेटला त्यानं एकच विचारलं, "चारमिनार पाहिला का?" नाही पाहिला. किल्ला नाही, संग्रहालय नाही, मोत्यांची साधी कुडीसुद्धा आणली नाही. पाच दिवस हैदराबादेत राहून मी तीन मोहल्ल्यांच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. त्यातली एक दुपार अशी, की आठवली की अजून कानशिलं तापतात. ती सांगायची तर आधी शशीचं सांगायला हवं.

शशी माझा धाकटा भाऊ, वय पंचावन्न. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला नसलेले आवाज ऐकू यायला लागले, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, आणि तेव्हापासून आमच्या घराचं घड्याळ त्याच्या गोळ्यांवर चालतं. मी पोस्टात होते. लग्न केलं नाही, त्याची कारणं अनेक सांगता येतील पण खरं कारण आतल्या खोलीत बसलेलं असायचं. एकदा तो न सांगता बाहेर पडला आणि दोन दिवसांनी हायवेच्या फाट्यावर सापडला. त्यानंतर मी कामावर किंवा बाजारात निघाले की त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावून जायची. कोणी विचारलं तर सांगायची, सुरक्षिततेसाठी.

यंदा डॉक्टरांनी मला गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं, आणि माझं वय त्रेसष्ट आहे हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं. माझ्यामागे शशीचं काय? पुण्याजवळ एक कायमची सोय करणारी संस्था आहे. तिथला फॉर्म आणला, भरला, फोटो चिकटवला. सही तेवढी राहिली. पोस्टात उभ्या जन्मात हजारो सह्या केल्या, ही एक होईना.

तेवढ्यात हैदराबादहून विमलताईचा फोन आला. विमलताई माझी मावसबहीण, लग्न होऊन चाळीस वर्षांपूर्वी तिकडे गेली. तिच्या रघूलाही मनाचा आजार आहे, बायपोलर म्हणतात तो. ती म्हणाली, "सही करायच्या आधी एकदा इकडं येऊन जा. हितं लोकं कसं सांभाळतेत ते बघ. मग तुला काय करायचं ते कर." चुलतभावाचा मुलगा नितीन पुण्याहून पाच दिवस शशीपाशी राहायला आला. मी त्याला गोळ्या दाखवल्या, कडी दाखवली, आणि फॉर्म पर्समध्ये घालून निघाले.

नल्लकुंटा, सोमवार

रात्रीच्या रेल्वेचं सांगण्यासारखं काही नाही, झोप लागली. सकाळी सिकंदराबादेहून रिक्षानं नल्लकुंट्याला पोचले तेव्हा गल्लीत घरोघर उंबऱ्यापुढे रांगोळी पडलेली होती. आमच्याकडे दिवाळीला काढतील तेवढी मोठी, आणि ती सुद्धा साध्या सोमवारी.

दारात चौतीस वर्षांचा एक उंच, जरा वाकून चालणारा माणूस उभा होता. तो रघू. माझी बॅग घेऊन म्हणाला, "मौसी, तुम्हाला चाय होना का?"

मी म्हटलं, "चहा झालेला नाही अजून."

"तेच की. होना का?"

मी पुन्हा सांगितलं की झालेला नाही. असं दोन-तीनदा झाल्यावर आतून विमलताई हसत आली. "अगं, होना म्हणजे पाहिजे. तुला चहा पाहिजे का विचारतोय." माझा मास्तरणीसारखा स्वभाव, मी तिथल्या तिथं विचारलं की मग 'नको' ला काय म्हणता? रघू म्हणाला, "नक्को." माझाच शब्द, जरा दाबून म्हटलेला. इतक्या दूरच्या गावी आपला नको असा पैलवान होऊन भेटला म्हणून मला उगाचच बरं वाटलं.

लग्नाआधी विमलताई माझ्यासारखंच बोलायची. आता तिच्या आमटीतला गूळ गेला आणि चिंच आली, तसंच तिच्या मराठीचंही झालं आहे. दुपारी तिनं आंबट डाळ, भात आणि अंबाडीची गोंगुरा चटणी वाढली. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी मी तीनदा घेतली. रघू सकाळी नारायणगुड्याला एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो, दुपारी जेवायला घरी येतो, जेवल्यावर अर्धा तास पडतो. मी चोरून त्याच्याकडे बघत होते. हात थरथरतात का, एकटाच हसतो का. सवय लागली की डोळे ऐकत नाहीत. त्यानं एकदा माझी नजर पकडली आणि पापडाची थाळी पुढे सरकवली.

चिक्कडपल्ली, मंगळवार

दुसऱ्या दिवशी विमलताईनं मला चिक्कडपल्लीला नेलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे. पाटी नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पिठाचा पांढरा थर, आणि वर पोचेपर्यंत आपल्याही चपला पांढऱ्या. मला वाटलं होतं, दवाखाना असेल, पांढरे कोट असतील. तिथं एक सतरंजी, दोन फोन, माठ आणि भिंतीवर मोहल्ल्याचा हातानं काढलेला नकाशा.

फोनपाशी सबीहा बसली होती, चाळिशीची, चष्मा डोक्यावर चढवलेली. ती याच भागात वाढलेली. शेजारी सत्यम् उशीला खोळ घालत होता. तो पेशानं शिंपी, आठवड्यातले चार दिवस इथे येतो. हे लोक घराघरांत जातात, गोळ्यांची, झोपेची, कामाची चौकशी करतात, गरज पडली तर डॉक्टरांकडे घेऊन जातात. आणि कोणाचं बिघडलं की घरच्यांनी फोन करायचा, दोघं जण स्कूटरवरून पोचतात.

"दोघंच?" मी विचारलं. "आणि माणूस आवरला नाही तर?"

"आवरना काइकू?" सबीहा म्हणाली. "पहले पूछना, क्या होना, क्या नक्को. कागद में लिखा रहता."

मग तिनं कागदाचं सांगितलं. माणूस बरा असतो तेव्हाच त्याच्याजवळ बसून ते लिहून घेतात, की मी बिघडलो तर मला काय हवं आणि काय नको. त्याच्याच शब्दांत, तो म्हणेल त्या भाषेत. मोहल्ल्यात त्याला होना-नक्कोचा कागद म्हणतात. मी म्हटलं, एखादा दाखवा. ती म्हणाली, "नै अम्मा. वो जिसका उसका है."

मला राग आला. इतक्या लांबून आले, आणि हिचं कागदावर एवढं इमान. मी म्हणाले, पेशंट बिघडल्यावर काहीही नको म्हणतो, गोळी नको, अंघोळ नको, त्याचं ऐकत बसलं तर झालंच. तेव्हा सत्यम् खोळ बाजूला ठेवून म्हणाला, "मैं भी छे बार हॉस्पिटल के अंदर गया, अम्मा. दो बार बाँधके. मेरेकू क्या नक्को, कोई पूछाइच नै."

 शशीला पहिल्यांदा नेलं तेव्हा चौघांनी त्याला जीपमध्ये कोंबलं होतं. त्याची एक चप्पल अंगणातच राहिली. ती चप्पल मीच उचलून आत ठेवली होती.

सबीहानं मोठेपणा मात्र सांगितला नाही. सगळ्यांचं जमत नाही, म्हणाली. काहींना हॉस्पिटल लागतंच, काही फोनच उशिरा करतात. उतरताना गिरणीवाल्यानं चहा पाजला, बशीत उस्मानिया बिस्किटं. खारट-गोड अशी ती चव मला तिथंच आवडली आणि मी विमलताईला दोन पुडे घ्यायला लावले.

नल्लकुंटा, बुधवार

आता ती दुपार.

विमलताई भजनी मंडळात गेली होती. रघू जेवायला आला, मीच त्याला वाढलं. आदल्या दिवशीच्या गप्पा निघाल्या, आणि तो भात कालवता कालवता अगदी सहज म्हणाला, "मौसी, परसों मी गोळ्या सोडलो ना, रात-रात झोपच नव्हती. छतावर टाकीवर जाऊन बसलो. पूरा शहर माझ्याशी बोलतंय असं वाटलं."

परसों म्हणजे परवा. माझ्या मनानं पोस्टातल्यासारखी आकडेमोड केली. परवा सोमवार, मी आले तो दिवस. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत हा गोळ्यांशिवाय आहे, झोपेशिवाय आहे, विमलताईला पत्ता नाही, आणि या घराला गच्ची आहे.  आवाज मात्र अगदी गोड काढला. "रघू, दमलास तू. जा बाळा, जरा पड." तो नेहमीसारखा आपल्या खोलीत गेला. मी त्याच्यामागे गेले आणि बाहेरून कडी लावली.

विचार केला नाही. हाताला ठाऊक होतं ते हातानं केलं.

मग सबीहाला फोन लावला. रघूनं गोळ्या सोडल्यात, छतावर जातोय, मी त्याला खोलीत ठेवलंय. तेवढ्यात आतून त्यानं दार ओढून पाहिलं. एकदा, दोनदा. मग "मौसी? कुंडी काइकू?" आणि मग जो आवाज आला, तो मी शशीच्या खोलीबाहेर ऐकला आहे आणि स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला आहे. तो डोकं दारावर आपटत होता.

फोनमधून सबीहा म्हणाली, "अम्मा, पहले कुंडी खोलो."

"तो पळाला तर?"

"खोलो. खोलके दूर जाके नीचे बैठो. जमीन पे. कुछ बोलना नक्को. हम आ रैं."

मला कडी काढवेना. खोटं कशाला सांगू, मला त्याची भीती वाटत होती. जन्मभर ज्याची काळजी केली त्या शशीचीही अशीच भीती वाटते, हे मी कधी तोंडानं बोलले नव्हते. शेवटी कडी काढली आणि दुखरा गुडघा तसाच दुमडून भिंतीपाशी फरशीवर बसले. रघू बाहेर आला नाही. कपाट आणि पलंगाच्या मधल्या सांदीत कानांवर हात दाबून बसला, कपाळ लाल झालेलं, ओठ हलत होते.

ती दोघं आली तेव्हा मला वाटत होतं तसं काहीच झालं नाही. कोणी धावत शिरलं नाही. चपला काढल्या, पाणी प्यायलं. सत्यम् दाराबाहेरच मांडी घालून बसला, रघूकडे तोंड न करता, बाजूला वळून, आणि तेलुगूत हळूहळू काहीतरी बोलत राहिला. मला फक्त "वद्दु" एवढा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला. नंतर कळलं, वद्दु म्हणजे नको. सबीहा सरळ स्वयंपाकघरात गेली, मसाल्याच्या कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या बाजूला चिकटवलेला कागद मला दाखवला. रघूनं तिला तशी परवानगी देऊन ठेवली होती, की बिघडलं तर घरात जो असेल त्याला दाखवा. हळदीचे डाग पडलेला, अर्धा हिंदीत अर्धा मराठीत:

*दार बंद नक्को. कभीच नक्को.*
*आई समजावणं नक्को.*
*पोलीस नक्को.*
*पंखा बंद होना, आवाज होतो.*
*सत्यम् अन्ना होना.*
*सुई द्यायची तर पहले बोलके द्यायची.*
*तीन रात झोप नाही तर हॉस्पिटल होना, मी नक्को बोललो तरी.*

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. काल मी सबीहाला मारे विचारलं होतं, बिघडलेला माणूस काहीही नको म्हणतो, मग? रघूनं त्याचं उत्तर स्वतःच लिहून ठेवलं होतं, ठणठणीत असताना. आणि पहिली ओळ मी दुपारी दोन वाजता मोडली होती.

सबीहानं पंखा बंद केला. मग मला हळू विचारलं, "गोलियाँ छोड़ा बोलके कौन बोला?"

"तोच बोलला. परसों सोडल्या म्हणाला. परवा."

 तिच्या तोंडावर हसू आलं आणि तिनं ते गिळलं. "अम्मा, हमारा परसों..." तिनं हात मागे लांबवर उडवला. "हमारे में परसों बोले तो कभी भी. पिछले साल भी परसों, दस साल पहले भी परसों. वो टाकी का किस्सा पाँच साल पुराना है." गोळ्यांचा डबा तिनं उघडून दाखवला. सोमवारचा कप्पा रिकामा, मंगळवारचा रिकामा, बुधवारचा सकाळचा रिकामा.

म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. बिघडवलं मी.

तासाभरानं रघू सांदीतून बाहेर आला. सत्यम्नं डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. औषध वाढवायचं नाही, रात्रीच्या झोपेवर लक्ष ठेवायचं, दोन दिवस रोज कोणीतरी येऊन जायचं. विमलताई परतली तेव्हा तिला सगळं मीच सांगितलं. ती मला रागावली नाही, कागदाप्रमाणे रघूला समजवायलाही गेली नाही. कढईत तेल टाकून मिरचीची भजी तळायला लागली. मी रघूसमोर जाऊन बसले आणि माफी मागितली. तो कपाळाला बर्फ लावत होता.

"गलतीनं लावली मौसी," तो म्हणाला. "पर्वालेदु. चलता." मग त्यानं विचारलं, "तिकडं शशीमामाला पण लावता का?"

मी भजी खायला घेतली. 

नारायणगुडा, शुक्रवार

गुरुवारी सत्यम् आणि शुक्रवारी सबीहा, दोघं सकाळी येऊन गेली. दोन्ही रात्री रघू झोपला होता. शुक्रवारी तो दुकानात गेला, आणि दुपारी मीही नारायणगुड्याला गेले. शाळा सुटायची वेळ, वरून मेट्रो जाते, खाली मुलांची वर्दळ, आणि त्या गडबडीत रघू दोन मशीनांमध्ये शांतपणे कागद सरकवत होता. कपाळावरचं टेंगूळ निळं पडलं होतं. गिऱ्हाइकांनी विचारलं की सांगत होता, "दरवाजा लगा." खोटं नव्हतं ते.

मी फॉर्म पुढे केला. झेरॉक्स काढून ठेवावी म्हटलं. खरं सांगायचं तर मला तो त्याला दाखवायचा होता. रघूला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवावं लागतं. "प्र-वे-श... काय-म-चा... सं-म-ती. संमती म्हणजे कन्सेंट ना?"

"हो."

"हितं कुणाची साइन?"

"माझी."

"आणि मामाची कुठं?"

मी फॉर्म हातात घेऊन वरपासून खालपर्यंत शोधलं. पोस्टातली बाई, फॉर्मातली एक रेघ माझ्या नजरेतून सुटत नाही. नव्हती. इतके दिवस मला ते दिसलंही नव्हतं.

रघूनं कागद उलटा करून पाहिला. "पाठीमागं कोरा आहे. एकच बाजू काढू ना?"

संध्याकाळी निघण्याआधी मी गिरणीवरच्या खोलीत जाऊन आले. सबीहाला म्हटलं, आमच्या गावात तुमच्यासारखी माणसं नाहीत, मी एकटी काय करणार. ती म्हणाली, "शुरू में टीम नक्को अम्मा. एक कागद होना, और फोन उठाने वाले दो जन. डॉक्टर को भी कागद दिखाओ." तिनं मला जिन्यापर्यंत सोडलं. मी तिचा हात धरून ठेवला बराच वेळ, तिला घाई असावी, पण तिनं सोडवून घेतला नाही.

वाई

घरी पोचले तर शशी अंगणात खुर्ची टाकून बसलेला. नितीन चहा करत होता. मी त्याला आधी विचारलं, कडी? तो खाली बघून म्हणाला, "आत्या, मी एकदाही लावली नाही. आम्ही रोज घाटावर जाऊन बसत होतो. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीनं परत आली असतीस." खरं होतं. मी त्याला म्हटलं, फोन उचलणाऱ्या दोघांतला एक तू. दुसऱ्या शेजारच्या मंदाताई झाल्या. ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मनाचे डॉक्टर येतात, त्यांनाही भेटून आले. त्यांनी कल्पना समजून घेतली आणि कागद झाला की आणा म्हणाले.

राहिला कागद. एका सकाळी चहा-बिस्किटं घेऊन मी शशीच्या खोलीत गेले. हैदराबादची बिस्किटं त्याला फार आवडली. फॉर्म उलटा करून कोऱ्या बाजूवर मधोमध आडवी रेघ मारली आणि विचारलं, "शशी, तुझं बिघडलं की तुला काय नको असतं?"

त्यानं बिस्किट चहात बुडवून खाल्लं. मग म्हणाला, "पडवळाची भाजी."

मी लिहिलं, पडवळाची भाजी. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, ते नाही रे, महत्त्वाचं सांग. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दंडाला धरायचं नाही." तेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं दाराकडे बोट दाखवलं, आणि मला शब्द सांगावा लागला नाही. मी लिहिलं, कडी. अक्षर ओळखू येईना, म्हणून पुन्हा लिहिलं. सुतार त्याच दुपारी येऊन कडी काढून गेला. दारावर चार भोकं राहिली आहेत, ती बुजवायची आहेत.

शशी ती भोकं बोटानं चाचपून आला आणि कागदाशी बसला. मला वाटलं आणखी काही सांगेल. तो म्हणाला, "ताई, आणि तुला?"

"मला काय?"

"तुला काय नको?"

तीस-पस्तीस वर्षांत मला हे कोणी विचारलेलं नव्हतं. उत्तर मात्र तयारच होतं, कधीचं. मी म्हणाले, "एकटीनं नको रे, शशी. सगळं एकटीनं नको."

त्यानं पेन उचलून माझ्या हातात दिलं आणि रेघेखालच्या जागेवर बोट ठेवलं.

"लिही मग," तो म्हणाला.